निळ्या ठिपक्याची राणी

एक

बसा हो, बसा. त्या डब्यावर नको, झाकण ओलं आहे. पाठीमागनं निळे होऊन घरी जाल आणि बायको विचारेल कुठं लोळून आलात. हे स्टूल घ्या. तुमच्या दाराचा दुसरा हात वाळायला तासभर तरी जाईल. तेवढ्यात तुम्हाला एक खून सांगतो. राणीचा खून. हसताय काय? खरीखुरी राणी, पोटी हजारो लेकरं, आणि अंगणात मरून पडलेली. पोलीस नाही, वकील नाही, छडा लावला कुणी? ह्या रंगाऱ्यानं, चौथीतनं शाळा सोडलेल्या. ऐका तर.

आमच्या मावशीकडं मधमाश्यांच्या साठ पेट्या. सख्खी मावशी नव्हे, सगळ्या गल्लीची मावशी. दरसाली पेट्यांची तोंडं रंगवायला मी जातो. एक पिवळी, एक करडी, एक गुलाबी, कारण माशीला आपलं घर रंगावरनं कळतं. त्या मंगळवारी सकाळी डबे-ब्रश घेऊन फाटकाशी पोचलो तर आत मावशीचा आवाज.

"आजपासून तुझे हात पेटीला लागायचे नाहीत! बाटल्या धुवायच्या, झाकणं लावायची, बास!"

समोर सूनबाई. मावशीचा मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातनं दोनदा घरी. पेट्यांचं सगळं ही पोरगी बघायची. आली तेव्हा माशी दिसली की ओढणी डोक्यावर घेऊन पळायची. आता उघड्या बोटांनी राणी धरायची, आणि हात असा हलका की राणीला कळायचं नाही आपल्याला कुणी धरलंय. त्या दिवशी तिचे डोळे कोरडे होते, पण ओठ पांढरे पडले होते.

अकरा नंबरच्या पेटीच्या उंबऱ्यावर, म्हणजे माश्या आत शिरतात त्या फळीवर, एक लांबोळकी माशी मरून पडलेली. पाठीवर निळा ठिपका.

आता ठिपक्याची गंमत सांगतो. राणी काही पाच वर्षांच्या वर जगत नाही, म्हणून रंग पाचच. पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा. दर साली एक. त्या सालात जन्मलेल्या राणीच्या पाठीवर त्या सालचा ठिपका, की पेटी उघडल्याबरोबर गर्दीत राणी दिसते आणि तिचं वयही कळतं. आदल्या साली हिरवा होता. त्या साली निळा.

आणि ही निळी साधीसुधी नव्हती. आसपासच्या सगळ्या पेट्यांत रोग शिरला, हिच्या पेटीत नाही. सूनबाईनं ती अळीपासनं वाढवलेली, ठिपकाही तिच्याच हातचा. दुपारी बारा वाजता माशी-केंद्राच्या बाई येणार होत्या, हिला नव्या राण्यांची आई म्हणून निवडायला. हिच्या लेकी गावोगावच्या पेट्यांत जाणार होत्या.

"काल संध्याकाळी तू एकटीनं पेटी उघडलीस," मावशी म्हणाली. "चौकट उचलताना चिरडलीस. कबूल कर."

"एकच चौकट उचलली, कडेची. तिथं राणी नव्हती, मावशी." सासूला ती पण मावशीच म्हणायची.

"मग ही काय वाऱ्यानं मेली?"

मी डबे खाली ठेवले. नऊ वाजले होते. बारापर्यंत छडा लागला नाही, तर पोरीचं अख्खं आयुष्य बाटल्यांत जाणार होतं.

दोन

तिथं आणखी दोघं होते. एक उस्ताद. मावशीच्या आवारात तीस वर्षं राण्यांना ठिपके देणारा म्हातारा. सूनबाईला त्यानंच शिकवलं. नर माशीला नांगी नसते, म्हणून आधी महिनाभर नरांच्या पाठी रंगवायला लावल्या. सारी पेटी ठिपक्या-ठिपक्यांची, जसं काही माश्यांना गोवर आलाय! दुसरे जावईबापू, मावशीच्या लेकीचे यजमान. आवारातल्या काही पेट्या त्यांच्या मालकीच्या. कोटाला इस्त्री, जिभेला तूप.

उस्ताद कट्ट्यावर बसला होता. बशीतला चहा हिंदकळत होता. म्हणाला, "पोरीला बोलू नका, मावशी. चूक माझी. मीच शिकवायला कमी पडलो." मग मला म्हणाला, "रंगारीबुवा, टाका ती मेलेली केरात. मुंग्या लागतील. बघवत नाही."

मला वाटलं, केवढा मोठा माणूस! पण ती मेलेली माशी मी केरात टाकली नाही. रिकाम्या काडेपेटीत ठेवली आणि काडेपेटी खिशात.

"मावशी," मी म्हटलं, "मला माशीतलं ओ की ठो कळत नाही. पण भिंत ओली आहे का हे भिंतीला हात लावल्याशिवाय मी सांगत नाही. आधी पेटी तर उघडून बघा."

"तू काय बघणार रे रंगाऱ्या?"

"मी नाही. सूनबाई बघेल, मी विचारेन."

मावशी तोंड फिरवून उभी राहिली. तिचा होकार असाच असतो. सूनबाईनं धूर दिला, पोळं धरलेल्या चौकटी एकेक करून उचलल्या. पाचव्या चौकटीवर थांबली. रिकामी घरं, मध, झाकलेली पिल्लं. आणि खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगांसारखं काहीतरी लोंबत होतं. सहा.

"काका," ती हळूच म्हणाली, "अंडी नाहीत. एकही नाही. बारीक अळीसुद्धा नाही."

"म्हणजे?"

"अंडं तीन दिवसांत फुटतं. अंडं नाही म्हणजे तीन दिवस तरी इथं राणी नव्हती. आणि ही राणीघरं. राणी गेली की माश्या घाईघाईनं नवीन राणी करायला घेतात. घर बांधायचं, अळी वाढवायची, वरनं मेणानं बंद करायचं, ह्याला चार-पाच दिवस लागतात. ही सहाही बंद आहेत."

"शेवटची कधी बघितली होती तिला?"

"मागच्या सोमवारी. मी, मावशी, उस्ताद, तिघांनी. अंडी घालत होती. त्याच दुपारी मी माहेरी गेले, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परवा रविवारी संध्याकाळी आले."

मी बोटं मोजली. राणी गेली तेव्हा पोरगी माहेरी! मी मावशीकडं बघितलं. मावशीनं काडेपेटी मागितली, मेलेल्या राणीचा पाय काडीनं हलवला.

"पाय वळतोय अजून. आठ दिवसांपूर्वी मेलेली असती तर वाळून कडक झाली असती," ती म्हणाली. "ही आज पहाटेची आहे. आता सांग, आठवडाभर नसलेली राणी आज पहाटे इथं मरायला कुठनं आली?"

मी काडेपेटी परत खिशात घातली.

तीन

साडेनऊ झाले. मी विचार केला, गेल्या आठवड्यात ह्या पेटीपाशी कोण फिरकलं? मावशीचे गुडघे धरलेले, तिला चौकट उचलवत नाही. उरले दोघं. तीस वर्षं आवारात राबलेल्या उस्तादावर संशय घ्यायला जीभ धजत नव्हती, म्हणून आधी जावईबापूंकडं वळलो. ते माझ्याकडं न बघता रुमालानं बूट पुसत होते. बूट स्वच्छ होते.

"बापू, शुक्रवारी आला होतात का हो इकडं?" अंदाजानंच खडा टाकला.

"मी? छे! शनिवारी आलो होतो."

लागला खडा.

"शनिवारी कशाला?"

"असंच. सहज. जावई म्हणून येऊ नये का माणसानं?"

"यावं की. पण कोटाचा खिसा का फुगलाय?"

मावशीनं हात पुढं केला. सासूनं हात पुढं केला की भले भले जावई विरघळतात. खिशातनं निघाली एक बारीक सुई-चमच्याची जोडी आणि मेणाच्या छोट्या वाट्या.

सूनबाईनं बघूनच ओळखलं. "अळ्या उचलायचं सामान! तुम्ही हिच्या अळ्या चोरायला आला होतात?"

"चोरायला काय, घरचंच तर आहे," बापूंच्या कपाळावर घाम. "केंद्रात गेल्यावर आम्हाला कोण देणार? म्हटलं चार अळ्या उचलाव्या, आपल्या पेट्यांत तिच्या लेकी वाढवाव्या. पण देवाशप्पथ, उघडली तर एक अंडं नाही, उचलण्यासारखी कोवळी अळी नाही! राणी नव्हतीच हो आत. गपचूप झाकण लावलं आणि निघालो."

"आणि आज सकाळपासनं ती तोंडावर शिव्या खातेय, तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीत?" मावशी कडाडली.

"सांगितलं असतं तर मी कशाला आलो होतो तेही सांगावं लागलं असतं ना."

माणूस लबाड, पण ह्या वेळी खरं बोलत होता. चोर स्वतःहून असली साक्ष कधी देतो का? आणि साक्ष काय कामाची निघाली बघा. शनिवारीच अंडी नव्हती. म्हणजे राणी सोमवारी रात्री नाहीतर मंगळवारी पळवलेली.

मग मेली आज कशी?

चार

मी पेटीपासनं लांब जाऊन पायरीवर बसलो. काडेपेटी उघडली. आपल्याला दुसरं काय येतं? रंग. म्हटलं, रंगच बघू.

चष्मा पुसला आणि बघत बसलो. ठिपका निळा, बरोबर. पण जाड. आणि कडेला काठ नागमोडी. सूनबाईचे ठिपके मी बघितलेत, मोहरीसारखे गोल. पुढं बघतो तर पाठीवर लव नाही, टक्कल. पंखांची टोकं फाटलेली.

"सूनबाई, ही राणी वयानं किती?"

"ह्या सालची. चार महिन्यांची."

"चार महिन्यांच्या बाईला टक्कल पडतं?"

तिनं काडेपेटी हातात घेतली आणि तिचे डोळे मोठे झाले. सकाळपासनं तिला कुणी मेलेली जवळनं बघूच दिली नव्हती. "काका, ही म्हातारी आहे! कोवळ्या राणीच्या पाठीवर दाट लव असते. वर्ष उलटलं की झिजते."

मग मी नखानं ठिपक्याची कड उचकटली. नुसती टोकाची, भिंतीचा पोपडा काढतात तशी. निळा खपला सुटला.

खाली हिरवा होता.

अहो, चाळीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगतोय, जुन्या रंगावर तसाच नवा हात मारू नका! आधी खरवडा, पॉलिशपेपर मारा, मग रंग धरतो. ऐकतं कोण? खुन्यानंही ऐकलं नाही. मागच्या सालची हिरवी म्हातारी घेतली, वरनं निळं फासलं आणि उंबऱ्यावर ठेवली.

"मावशी!" मी ओरडलो. "तुमची राणी मेलीच नाही! ही दुसरीच आहे!"

मावशी गुडघे विसरून धावली. सूनबाई तिथंच खाली बसली, दोन्ही हात तोंडावर. "जिवंत आहे," ती म्हणाली. "काका, ती जिवंत आहे कुठंतरी."

"सगळ्या निळ्या राण्या बघू," जावईबापू एकदम उत्साहात आले. "निळ्या राण्यांच्या पेट्या किती? चोवीस!"

"चोवीस उघडायला संध्याकाळ होईल," उस्ताद कट्ट्यावरनं म्हणाला. "बाई तर बाराला येणार. राहू द्या आता. नशीब एकेकाचं."

आणि फाटकाशी गाडी थांबली. केंद्राच्या बाई एक तास आधीच आल्या होत्या.

पाच

केंद्राच्या बाई म्हणजे काठीसारख्या ताठ, हसल्या तरी दात दिसायचे नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला तास आहे. राणी दाखवा, नाहीतर पुढच्या आवारात जाते."

सूनबाई निळ्या राण्यांच्या पेट्यांकडं निघाली. मी तिला थांबवलं.

"पोरी, थांब. चोराच्या जागी उभी राहा. त्याच्या पेटीत हिरवी राणी होती, ती त्यानं काढली. तिथं तुझी निळी ठेवली. आता कुठल्या पेटीत कुठल्या रंगाची राणी ह्याची बाईंकडं यादी असते, तिच्यात त्या पेटीपुढं काय लिहिलंय?"

"हिरवी."

"मग उघडल्यावर निळी दिसली तर पकडला जाईल. तो काय करेल?"

 ती अशी हसली की सकाळपासनंचा काळोख गेला. "हिरवा फासेल! निळ्यावर हिरवा!"

"आणि आपण निळ्या शोधत बसू."

हिरव्या राण्यांच्या पेट्या पाचच होत्या. दोन मावशीच्या, दोन जावईबापूंच्या, एक उस्तादाची. बाईंची यादी समोर धरली. उस्ताद उठून उभा राहिला. "माझीही उघडा," म्हणाला. "तीस वर्षांनी हेही बघायचं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उघडली.

मावशीची पहिली, हिरवी राणी आहे. दुसरी, आहे. जावईबापूंची पहिली, आहे. दुसरी, आहे, बापूंनी मोठा सुस्कारा सोडला. उस्तादाची पेटी. सूनबाईनं चौकट उन्हात धरली. मधोमध राणी, पाठीवर हिरवा ठिपका, भोवती माश्यांचा घोळका, अंडी घालत चाललेली.

पाचच्या पाच जागेवर. एकही कमी नाही.

"झालं तुमचं?" केंद्राच्या बाईंनी घड्याळ बघितलं.

सहा

"एक मिनिट बाई," मी म्हटलं. "यादी पाचची, राण्या पाच. मग खिशातली ही मेलेली हिरवी कुणाची? ही सहावी आली कुठनं? ह्या पाचातली एक खोटी आहे. आणि वर्षभराचा रंग कसा असतो हे मला विचारा. माश्या राणीला दिवसभर चाटतात, चोळतात. चार ठिपके तुम्ही आत्ताच बघितलेत. विटलेले, टवके उडालेले. आणि हा?"

सगळे वाकले. उस्तादाच्या पेटीतला हिरवा ओल्या पानासारखा चमकत होता. जाड. काठ नागमोडी. आणि ठिपक्याभोवती दाट सोनेरी लव.

 उस्तादाच्या हाताकडं तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. थरथरत होता. सकाळचा चहा दुःखानं हिंदकळत नव्हता, हातच तसा झाला होता.

"ठिपका उकला," केंद्राच्या बाई म्हणाल्या. "पण राणीला इजा झाली तर निवड रद्द."

सवयीनं सगळ्यांनी उस्तादाकडं बघितलं. मावशीनंही. मग मावशीनं मान वळवली आणि म्हणाली, "सूनबाई. तू."

पोरीनं हात पुसले. राणीला चौकटीवरनं उचललं, अंगठा आणि बोटात, पोट मोकळं, पाय दुसऱ्या बोटावर टेकलेले. मी काडी टोकदार करून दिली.  तिचा हात देवळातल्या समईसारखा स्थिर. काडीचं टोक कडेला लावलं. नुसतं टेकवलं म्हणा ना. आणि सबंध हिरवा खपला चट्कन सुटून उडाला, कारण इथंही पॉलिशपेपर मारला नव्हता!

खाली निळा. मोहरीएवढा, गोल, जसाच्या तसा.

"माझा आहे," सूनबाई म्हणाली. "हा माझा ठिपका आहे."

जावईबापूंनी टाळी वाजवली, दोन माश्या चावल्या, तरी वाजवतच राहिले. केंद्राच्या बाई पहिल्यांदा दात दाखवून हसल्या. मावशीनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि वरच्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लिहा बाई! राणी वाढवली कुणी, ठिपका कुणाचा, माझ्या सुनेचा! आणि माझं तोंड सकाळी सुटलं होतं तेही लिहा हवं तर."

उस्ताद खाली बसला होता. "तीस वर्षं," म्हणाला, "इथल्या प्रत्येक राणीच्या पाठीवर माझा ठिपका होता. हात गेला. पोरीचा ठिपका गावोगाव जाणार म्हटल्यावर डोकं फिरलं. निळीला मारायला धजलो नाही. माझी म्हातारी पिंजऱ्यात ठेवली होती. काल हिनं पेटी उघडली, म्हटलं आता राणीघरं दिसतील, माझ्यावर येईल. म्हणून पहाटे म्हातारी मारली, वरनं निळं फासलं आणि उंबऱ्यावर ठेवली." 

मावशी म्हणाली, "ऊठ आणि चालता हो."

"नाही मावशी," सूनबाई म्हणाली. राणी अजून तिच्या बोटात होती. "ह्यांनी शिकवलं म्हणून आज माझा हात हलला नाही. राहू देत. पण पेटीला हात लावायचा नाही. बाटल्या धुवायच्या, झाकणं लावायची."

कशी? आहे की नाही वाघीण?

राणीच्या लेकी आता कुठं कुठं पोचल्यात, सूनबाईकडं सात-आठ पोरी ठिपके द्यायला शिकायला येतात, आणि मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की ही मी शिकवली. ते सोडा. तुम्ही घरी जाताना मावशीच्या फाटकावरनंच जाणार ना? तिथं एक म्हातारा मधाच्या बाटल्या मांडून बसलेला असतो. हात थरथरतो, पण बाटली सांडत नाही. त्याला मी काय सांगितलं ते कळू देऊ नका. एक बाटली घ्या, आणि नुसतं विचारा, आजोबा, ह्या मधाची राणी कुणी वाढवली हो? काय म्हणतो ते ऐका, आणि मला येऊन सांगा.